बंब ते हीट पंप : आपल्या गरम पाण्याची गोष्ट

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात सोसायटीच्या माजी सचिवांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



स्मरणिका समितीनं मला सांगितलं, 'काका, तुम्ही सात वर्षं सेक्रेटरी होतात, जुन्या आठवणींवर थोडं बोला.' आता जुन्या आठवणी म्हटलं की पार्किंगचे पट्टे, कन्व्हेयन्स, गच्चीची गळती आणि कुत्र्यांचा ठराव हे आलंच. त्या सगळ्यावर बोललो तर जेवणं थंड होतील आणि निम्मे लोक पुन्हा भांडायला लागतील. म्हणून मी एकच विषय निवडला. गरम पाणी. हसू नका. या पंचवीस वर्षांत मी सगळ्यात जास्त शिकलो ते या विषयात, आणि माझ्या हातून सगळ्यात मोठी चूक झाली तीही याच विषयात. ती चूक आज इथं सांगायचीच, असं ठरवून आलोय.

आधी थोडं मागे जातो. आमच्या पिढीतल्या बहुतेकांच्या घरी तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत कोळसे, छिलपे, शेंगांची टरफलं, जे हाताला येईल ते. बाजूनं पाणी. त्या बंबाला थर्मोस्टॅट नव्हता, टायमर नव्हता. सगळं कंट्रोल आईच्या हातात. किती वाजता पेटवायचा, खालची झडप किती उघडायची, कोणाला किती पाणी, सगळं तीच ठरवायची. आणि घरात एक नियम होता. जितकं गरम काढाल, तितकं गार बंबात ओता. ज्यानं ओतलं नाही, त्याच्या मागच्याचे हाल. हा नियम मोडला म्हणून मी लहानपणी थोरल्या भावाचा मार खाल्लेला आहे. तो नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२००० साली आपण इथं राहायला आलो तेव्हा बिल्डरनं प्रत्येक बाथरूममध्ये फक्त गिझरचा पॉइंट दिला होता. ज्यानं त्यानं आपापला गिझर बसवला. पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांवरून पासष्ट अंशांपर्यंत तापवायला साधारण पाऊण युनिट वीज लागते. दोन किलोवॉटचा गिझर असेल तर वीस-बावीस मिनिटं. चाळीस घरं, घरटी चार माणसं, सकाळी सहा ते आठ. त्या वेळात आपल्या मीटर रूममधून जो वास यायचा तो जुन्या लोकांना आठवत असेल.

मग २००९ साली आपण सोलर बसवलं. मीच सेक्रेटरी होतो. दोन्ही विंगच्या गच्चीवर काचेच्या नळ्यांची रांग, तोंड दक्षिणेला, मागे पाचशे लिटरच्या पाच-पाच टाक्या. महापालिकेची मालमत्ता करातली सवलत, विजेची बचत, सगळं मी सर्वसाधारण सभेत फळ्यावर लिहून दाखवलं होतं. नारळ फोडला, पेढे वाटले, गच्चीवर फोटो काढला. तो फोटो या स्मरणिकेतही आहे. त्यात टाकीला हात लावून उभा असलेला, काळे केस असलेला इसम म्हणजे मी.

चौथ्या मजल्यावरच्यांची चंगळ झाली. तोटी सोडली की वाफाळतं पाणी. पण तळमजल्यावरून तक्रारी सुरू झाल्या. सगळ्यात पहिली तक्रार ए विंगच्या तळमजल्यावरच्या आपल्या आजींची. त्या आज इथं पहिल्या रांगेत बसल्या आहेत, आणि पुढची गोष्ट मी त्यांना विचारूनच सांगतो आहे. आजी शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांची तक्रार तोंडी कधीच नसायची. फुलस्केप कागद, वर तारीख, खाली सही, 'मा. सचिव यांस सप्रेम नमस्कार'. पाणी गरम यायला फार वेळ लागतो, बादलीभर गार पाणी ओतून द्यावं लागतं.

मी काय उत्तर दिलं? 'आजी, जरा दोन मिनिटं नळ सोडून ठेवा, येईल.' बस. पाणी वरून खाली यायला वेळ लागणारच, त्यात मी काय करणार, असा माझा सूर. पुढच्या महिन्यात पुन्हा पत्र. पुन्हा तेच उत्तर. शेवटी शेवटी मी पत्र उघडण्याआधीच उत्तर ठरवलेलं असायचं. आम्ही कमिटीवाले आपसांत काय म्हणायचो ते मी इथं सांगत नाही. आजी पहिल्या रांगेत आहेत.

२०१२ च्या डिसेंबरात आजींनी पत्र लिहिणं थांबवलं. मला वाटलं, प्रश्न सुटला. झालं होतं असं, की कंटाळून त्यांच्या मुलानं बाथरूममध्ये गॅसवरचा गिझर बसवला होता. तेव्हा ते गिझर स्वस्त मिळायचे, लगेच गरम पाणी, वीज नको. छोटं बाथरूम, दाराला आतून कडी, आणि थंडी आत येते म्हणून खिडकीच्या झडपांवर वर्तमानपत्र चिकटवलेलं.

जानेवारीत एका सकाळी त्यांच्या सूनबाईंना बादली भरून वाहत असल्याचा आवाज आला. हाका मारल्या, उत्तर नाही. वॉचमन आणि शेजारचे दादा यांनी मिळून कडी तोडली. आजी खाली पडलेल्या होत्या. शेजारच्या दादांनी पहिल्यांदा गिझर बंद केला, त्यांना उचलून बाहेर मोकळ्या हवेत आणलं, आणि तशीच गाडी काढली. हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन लावला. तीन दिवसांनी त्या घरी आल्या. दहा मिनिटं उशीर झाला असता तर काय, हे डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही.

डॉक्टरांनी कारण मात्र नीट समजावून सांगितलं. गॅस जळायला हवा लागते. बंद जागेत हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं जे हिमोग्लोबिन असतं, त्याला तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. माणसाला आधी डोकं जड वाटतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. कळेपर्यंत कडी काढायचं त्राण उरत नाही. गॅस गळला तर निदान वास येतो. याला तोही नाही.

मी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो. काय बोलावं सुचेना. आजीच म्हणाल्या, 'काही नाही हो सेक्रेटरी, पाणी मात्र छान गरम होतं.'

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी कपाटातून त्यांच्या पत्रांची फाइल काढली आणि पहिल्यांदा ती पत्रं तारखेवार, सलग वाचली. मी बँकेत कारकुनी केलेला माणूस. खातेवही वाचताना एखादी नोंद बदलली की डोळ्यांना लगेच कळतं. २०१० ची पत्रं म्हणत होती, 'गरम पाणी उशिरा येते.' २०११ च्या दिवाळीनंतरची पत्रं म्हणत होती, 'गरम पाणी येतच नाही, कोमट येते.' या दोन वेगळ्या तक्रारी होत्या. आजींनी फरक नीट लिहून दिला होता. मी दोन्हींना एकच उत्तर देत राहिलो.

मग आम्ही कामाला लागलो. आम्ही म्हणजे मी, आपले प्लंबरमामा, आणि बी विंगमधली एक मुलगी, जी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. आज ती परदेशात असते, पण हे काम खरं तिचं आहे. ती म्हणाली, 'काका, आधी मोजूया. मग बोलूया.' एक थर्मामीटर, एक लिटरचा मग आणि वही. पहाटे सहाला एकेका घरी जाऊन नळ सोडायचा आणि पाणी चाळीस अंशांपर्यंत यायला किती मग लागतात ते मोजायचं. लोकांनी डोळे चोळत दारं उघडली, त्याबद्दल आजही आभार.

चौथ्या मजल्यावर सात-आठ लिटर. तळमजल्यावर सतरा लिटर, म्हणजे काठोकाठ बादली. यात गूढ काही नाही. एक इंची पाइपच्या एका मीटरमध्ये साधारण अर्धा लिटर पाणी मावतं. गच्चीवरचा आडवा पाइप, खाली उतरणारी उभी लाइन, घरातला तुकडा, असं मिळून तेहेतीस-चौतीस मीटर. रात्रभर त्यात थांबलेलं पाणी गार होतं. ते आधी बाहेर येणार. आणि आपल्या पाइपांवर वेष्टन नव्हतं, त्यामुळे एकाची आंघोळ झाली आणि अर्धा तास गेला की पुन्हा बादलीभर गार पाणी. दोन्ही विंगच्या आठ उभ्या लाइन धरून रोज अडीचशे-तीनशे लिटर चांगलं पाणी आपण फक्त गरम पाण्याची वाट बघत गटारात सोडत होतो. आणि उन्हाळ्यात टँकर मागवत होतो.

पण आजींच्या लाइनचं कोडं याहून वेगळं होतं. तिथं सतरा लिटर काय, पन्नास लिटर सोडलं तरी पाणी छत्तीस अंशांच्या वर जाईना. गच्चीवरच्या टाकीत तेव्हा अठ्ठावन्न अंश होतं. मधल्या मजल्यांवरही तेच. पण पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्यांनी मुकाट्यानं विजेचे गिझर पुन्हा सुरू केले होते आणि तक्रार सोडून दिली होती.

प्लंबरमामा म्हणाले, 'साहेब, या लाइनमध्ये कुठूनतरी गार पाणी घुसतंय.' कुठून? गार पाण्याची लाइन वेगळी, गरमची वेगळी. ते म्हणाले, 'दोन्ही लाइनी एकाच ठिकाणी भेटतात. मिक्सरमध्ये.'

मग एका रात्री साडेदहाला, सगळ्यांच्या आंघोळी-भांडी आटोपल्यावर, आम्ही परीक्षा घेतली. तळमजल्यावर आजींचा गरम पाण्याचा नळ सोडून ठेवला. त्याखाली ती मुलगी थर्मामीटर धरून बसली. आणि मामा त्या लाइनवरच्या एकेका घरात जाऊन गरम पाण्याचा अँगल कॉक बंद करायचे. पहिला मजला बंद केला, काही फरक नाही. दुसरा मजला, फरक नाही. तिसऱ्या मजल्यावरचा कॉक बंद केला आणि दोन-तीन मिनिटांत खालून आवाज आला, 'काका, चढायला लागलं! चाळीस... शेहेचाळीस... बावन्न!'

तिसऱ्या मजल्यावरचं घर माझं होतं.

२०११ च्या दिवाळीआधी आम्ही बाथरूमचं नूतनीकरण केलं होतं. छान मिक्सर बसवला, त्याला लांब नळीचा हँड शॉवर, टोकाला दाबायचं बटण. गरम-गारचं प्रमाण एकदा जमलं की दोन्ही चाव्या तशाच उघड्या ठेवायच्या आणि बटण सोडून पाणी थांबवायचं. मोठी सोय. आमच्या घरात सगळे तसंच करायचे. पण बटण बंद असलं तरी आत गरम आणि गार लाइन एकमेकींना उघड्याच. खाली आजींनी गरम पाण्याचा नळ सोडला की पाणी दोन वाटांनी निघायचं. थोडं गच्चीवरच्या सोलर टाकीतून, आणि बरंचसं माझ्या मिक्सरमधून, थेट गार लाइनचं. आजींच्या बादलीत पडणारं गार पाणी सव्वा वर्ष माझ्या न्हाणीघरातून जात होतं. आणि मी त्यांना सांगत होतो, दोन मिनिटं नळ सोडून ठेवा.

बंबाचा नियम आठवा. जितकं गरम काढाल तितकं गार ओता. मी गरम काढत होतो माझ्यासाठी, आणि गार ओतत होतो आजींच्या बादलीत.

पुढच्या सर्वसाधारण सभेत मी हे सगळं उभं राहून सांगितलं. राजीनामाही लिहून नेला होता. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मागून एक काका म्हणाले, 'राजीनामा कसला देता? दुरुस्त करा आणि मग जा.' तो ठराव एकमतानं मंजूर झाला.

दुरुस्तीच्या खर्चावरून मात्र दोन सभा गाजल्या. वरच्या मजल्यांचं म्हणणं, आमच्याकडे लगेच गरम पाणी येतं, आम्ही वर्गणी का द्यायची? म्हणणं अगदीच चूक होतं असं नाही. शेवटी तळमजल्यावरच्याच एका वहिनींनी प्रश्न सोडवला. त्या म्हणाल्या, 'आम्ही तेरा वर्षं लिफ्टच्या देखभालीचे पैसे भरतोय. लिफ्टनं आम्ही कुठं जायचं, तळघरात?' सभागृहात हशा पिकला आणि ठराव मंजूर झाला.

आता काम काय केलं ते थोडक्यात सांगतो, कारण नवीन सभासदांना पाइपांचं हे जाळं कशासाठी आहे ते ठाऊक नाही.

पहिलं, प्रत्येक घराच्या मिक्सरमागे दोन्ही लाइनींवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवले. पाणी मिक्सरकडे जाईल, परत लाइनमध्ये येणार नाही. एवढीशी पितळी वस्तू. तरीही घरी हँड शॉवर असेल तर आंघोळीनंतर दोन्ही चाव्या बंद करायची सवय ठेवा. व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकला तर तोही उघडा राहतो.

दुसरं, गच्चीवरच्या आणि डक्टमधल्या गरम पाइपांना वेष्टन केलं. उन्हात ते वेष्टन भुगा होऊन गळतं, म्हणून गच्चीवर त्यावर पत्र्याचं आवरण आहे. मुलांनी त्यावर बसू नये.

तिसरं आणि मुख्य, रिटर्न लाइन. आधी आपली गरम पाण्याची लाइन म्हणजे शेवटच्या थांब्यावर रात्रभर उभी असलेली बस होती. तिची आपण वर्तुळ मार्गाची बस केली. प्रत्येक उभ्या लाइनच्या तळातून एक बारीक पाइप परत गच्चीवर टाकीत नेला आणि त्यावर छोटा पंप बसवला. पहाटे पंप सुरू झाला की पाइपातलं गार पाणी टाकीत परत जातं आणि त्याच्या जागी गरम येतं. सभेत एकानं विचारलं होतं, चार मजले पाणी चढवायचं म्हणजे वीज किती खाईल? पण इथं पाणी चढवायचंच नाही. चढणारा पाइप आणि उतरणारा पाइप दोन्ही भरलेले, तराजूची दोन पारडी जशी. पंपानं फक्त घर्षणापुरता ढकला द्यायचा. शंभर वॉटचा पंप तीन तास चालला तर पाव युनिटाहून थोडं जास्त. त्यात रोजचं अडीच-तीनशे लिटर पाणी वाचतं.

पण पंप बसवला आणि प्रश्न संपला असं झालं नाही. खरी गंमत पुढे आली, कंट्रोलमध्ये. आम्ही स्वस्तातला चकतीचा टायमर लावला. पहाटे साडेपाचला सुरू, साडेआठला बंद. पंधरा दिवस छान चाललं. मग गरम पाणी सहाऐवजी आठला यायला लागलं. कारण? गुरुवार. गुरुवारी देखभालीसाठी वीज जायची, तितका वेळ टायमरची चकती थांबायची आणि तितकी ती मागे पडायची. तीन गुरुवारांत आमची पहाट दुपारकडे सरकायला लागली. मग बॅटरीवर घड्याळ चालू ठेवणारा डिजिटल टायमर घेतला.

नंतर पावसाळा आला. ऊन नाही, टाकीत तेहेतीस अंश, आणि पंप इमानदारीत तेच कोमट पाणी तीन तास फिरवतोय. उरलीसुरली ऊबही पाइपांतून जायची. तेव्हा कळलं की नुसतं घड्याळ पुरत नाही, तापमानही बघावं लागतं. आता टाकीत एक सेन्सर आहे आणि रिटर्न लाइनवर दुसरा. टाकी चाळीसच्या खाली असेल तर पंप सुरू होत नाही. परत येणारं पाणी पंचेचाळीसला पोचलं की पंप थांबतो, चाळीसच्या खाली आलं की पुन्हा सुरू. तीन तासांतला निम्मा वेळ तो आता बंदच असतो.

चौथं, उन्हाळ्याचा उपाय. एप्रिल-मेमध्ये आपल्या टाकीत पंचाहत्तर-ऐंशी अंशांपर्यंत पाणी तापतं. साठ अंशांचं पाणी मोठ्या माणसाला पाच-सहा सेकंदांत भाजतं, लहान मुलांना आणि वृद्धांना त्याहूनही लवकर. म्हणून टाकीच्या तोंडाशी मिक्सिंग व्हॉल्व्ह आहे. तो आपोआप गार पाणी मिसळून खाली पन्नास अंशांचंच पाणी सोडतो. 'सोलर पूर्वीसारखं कडक येत नाही' अशी तक्रार दर मे महिन्यात येते. ते मुद्दाम आहे. तरीसुद्धा बादलीत आधी गार, मग गरम, आणि हात घालून बघितल्याशिवाय मुलाला आत सोडू नका.

पाचवं, ढगाळ दिवसांची सोय. आधी टाक्यांमध्ये विजेचे रॉड होते. एका पावसाळ्यात कोणीतरी ते दिवसरात्र चालू ठेवले आणि सामाईक विजेचं बिल बघून खजिनदारांना घाम फुटला. दिवसा रॉड चालू म्हणजे जे काम ऊन फुकट करणार तेही विजेनं करायचं. मग पहाटे चारला टाकी पन्नासच्या खाली असेल तरच रॉड लागेल अशी व्यवस्था केली. पुढे २०२२ साली, नव्या कमिटीच्या काळात, रॉडऐवजी हीट पंप आला. त्याचं श्रेय माझं नाही. हीट पंप म्हणजे उलटा फ्रीज. फ्रीज आतली उष्णता काढून मागे टाकतो, हा बाहेरच्या हवेतली उष्णता घेऊन पाण्यात टाकतो. रॉडनं एक युनिट विजेत एक युनिट उष्णता मिळते, यानं साधारण तीन युनिट मिळते, कारण दोन युनिट हवेतून येते. थंडीत थोडी कमी. त्याची जाळी महिन्यातून एकदा धुवावी लागते, एवढंच त्याचं मागणं.

आणि सहावं कंट्रोल, जे कुठल्याही दुकानात मिळत नाही. आपल्या वॉचमनच्या टेबलावरची वही. रोज पहाटे साडेपाचला तो डब्यावरचा आकडा वहीत लिहितो. टाकी किती, रिटर्न किती. दोन आकडे. पण त्या वहीमुळे गेल्या दहा वर्षांत बिघाड तक्रारीच्या आधी सापडतो. टाकीचं तापमान हळूहळू घसरतंय म्हणजे नळ्यांवर धूळ, नाहीतर आत क्षार. बोअरचं पाणी मिसळलं की क्षार धरतोच, म्हणून दर महिन्याला टाकीचा तळ सोडायचा आणि दिवाळीआधी सफाई करायची. फुटलेली नळी बदलायची तर ऊन चढायच्या आत. तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी गेलं की ती तडकते. हे ज्ञान आपण तीन नळ्या फोडून मिळवलेलं आहे.

आता घरोघरचं थोडं. ज्यांच्याकडे विजेचे गिझर आहेत त्यांनी तीन गोष्टी बघा. गिझरचा जास्तीचा दाब सोडणारा जो छोटा व्हॉल्व्ह असतो, तो ठिबकतो म्हणून प्लंबरला सांगून बंद करून घेऊ नका. थर्मोस्टॅट बिघडला तर टाकी फुटण्यापासून तोच वाचवतो. अर्थिंग तपासून घ्या आणि फ्लॅटच्या बोर्डात गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी असू द्या. आणि थर्मोस्टॅट पंचावन्नला ठेवा.

गॅस गिझरबद्दल मात्र मी विनंती करत नाही, हात जोडतो. बाथरूमच्या आत तो बसवू नका. कोणाकडे असेल तर उद्याच बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी हलवा, नाहीतर काढून टाका. भाडेकरूंना सांगा, गावाकडच्या भावाला सांगा, हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलांना सांगा. आणि बाथरूमची झडप थंडीतही उघडी ठेवा.

शेवटचं. पुढच्या काही वर्षांत आपल्याकडेही पुनर्विकासाचा विषय निघणार. नकाशे येतील, किती चौरस फूट जास्त मिळणार यावर चर्चा होईल. होऊ द्या. पण त्या वेळी कोणीतरी उठून विचारा, गरम पाण्याला रिटर्न लाइन आहे का? पाइपांना वेष्टन आहे का? मिक्सरमागे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहेत का? तळमजल्यावर किती मग सोडल्यावर गरम पाणी येतं? इमारत बांधताना हे जवळजवळ विनासायास होतं. नंतर भिंती फोडाव्या लागतात. आम्ही फोडल्या आहेत.

आणि जो कोणी तेव्हा सेक्रेटरी असेल, त्यानं तक्रारीचं पत्र शेवटपर्यंत वाचावं. मागच्या महिन्याच्या पत्राशी ताडून बघावं. पत्र लिहिणारा माणूस बहुतेक वेळा आपल्याला काहीतरी नेमकं सांगत असतो.

काम पुरं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराखालून एक फुलस्केप कागद आत आला. वर तारीख, खाली सही. 'मा. सचिव यांस सप्रेम नमस्कार. आज सकाळी दुसऱ्या मगालाच गरम पाणी आले. कळावे.' ते पत्र मी फाइलला लावलं नाही. माझ्याकडे घरी आहे.

आजी, आता उभ्या राहू नका, बसूनच असा. तुमच्यासाठी सगळे टाळ्या वाजवणार आहेत.